भुयारातून गिरगावात: कोकणातून मुंबईत उतरणाऱ्यांसाठी

कोकणातून मुंबईला निघालेल्या माणसाला आजवर दोन गोष्टी पक्क्या ठाऊक असल्या की पुरत. दादरला कुठल्या बाजूला उतरायचं आणि न्यायला कोण येणार. न्यायला येणारा पुतण्या आता बदलापूर नाहीतर विरारला राहायला गेला, आणि गिरगावातली म्हातारी आत्या जिना उतरून खाली येऊ शकत नाही. तेव्हा आपलं आपण जायचं. टॅक्सीवाल्याशी सकाळी सकाळी हुज्जत घालायची नसेल, तर जमिनीखालून जाणारी मेट्रो आहे. ती कशी वापरायची आणि वर आल्यावर गिरगाव पायी कसं फिरायचं, ते इथे सांगतो. ज्यांना मुंबईची सवय आहे त्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल. गावाहून पहिल्यांदा किंवा फार वर्षांनी येणाऱ्यांसाठी हे आहे.

आधी घरी बसून एवढं समजून घ्या

या मेट्रोला लोक 'मेट्रो तीन', 'ॲक्वा लाइन' किंवा नुसतं 'भुयारी मेट्रो' म्हणतात. आरे जेव्हीएलआर ते कफ परेड अशी ती ३३.५ किलोमीटर धावते. वाटेत एकूण २७ स्थानकं, त्यातलं आरेचं एकच जमिनीवर, बाकी सगळी खाली. ती टप्प्याटप्प्याने सुरू झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल, मे २०२५ मध्ये तिथून वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये पुढे थेट कफ परेडपर्यंत. म्हणजे गिरगावकरांना ती मिळाली शेवटच्या टप्प्यात. आत्याने तुम्हाला "हल्लीच झाली रे" म्हणून सांगितलं असेल तर बरोबर सांगितलंय.

दक्षिणेकडून मोजलं तर स्थानकं अशी येतात: कफ परेड, विधान भवन, चर्चगेट, हुतात्मा चौक, सीएसएमटी (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस), काळबादेवी, गिरगाव, ग्रँट रोड, मुंबई सेंट्रल, महालक्ष्मी. त्यापुढची आत्ता पाठ करायची गरज नाही. एवढं मात्र लक्षात ठेवा की सीएसएमटीपासून गिरगाव दुसरं आणि मुंबई सेंट्रलपासूनही दुसरंच.

लोकलचा पास किंवा तिकीट इथे चालत नाही. दोन्हींचा कारभार वेगळा, दरवाजे वेगळे. "माझ्याकडे रिटर्न आहे" म्हणून दारावर वाद घालणारा एक तरी गृहस्थ रोज भेटतो.

तुम्ही उतरता कुठे, त्यावर सगळं

कोकणकन्या एक्सप्रेसने येणारे पहाटे सीएसएमटीला उतरतात. गाडी वेळेवर असली तर साधारण साडेपाच-पावणेसहाला. मेट्रोची पहिली गाडी दोन्ही टोकांवरून ५ वाजून ५५ मिनिटांनी सुटते. तुम्हाला आरेच्या दिशेने जायचं आहे आणि कफ परेड सीएसएमटीपासून चारच स्थानकांवर आहे, त्यामुळे सहा वाजून गेले की थोड्याच वेळात पहिली गाडी तुमच्यापाशी येते. मधल्या वेळात स्टेशनात तोंड धुवा, चहा घ्या. उगाच टॅक्सीच्या रांगेत उभे राहू नका. रविवारी आणि सणावारी मात्र वेळ आदल्या दिवशी बघून ठेवावी.

सीएसएमटीचं मेट्रो स्थानक रेल्वे स्टेशनच्या पोटात नाही. ते आझाद मैदानाच्या बाजूला आहे. स्टेशनसमोरच्या रस्त्याखालून जो जुना पादचारी भुयारी मार्ग जातो, फेरीवाल्यांच्या आवाजाने भरलेला, त्यातून पलीकडे जायचं आणि मेट्रोच्या पाट्या बघत चालायचं. वरून रस्ता ओलांडायच्या फंदात पडू नका. मुंबई महापालिकेची ती दगडी इमारत समोर दिसली की तुम्ही योग्य बाजूला आहात असं समजा.

एसटीने येणाऱ्यांचं आणखी सोपं. मुंबई सेंट्रल आगारात उतरलात की मेट्रो जवळच. या स्थानकाला जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेठ यांचं नाव दिलंय. नाना मूळचे मुरबाडचे, म्हणजे आपल्याच पट्ट्यातले. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली ती आणण्यासाठी खटपट करणाऱ्यांत ते पुढे होते. गिरगावच्या ज्या मुख्य रस्त्याखालून ही मेट्रो जाते त्या रस्त्यालाही त्यांचंच नाव आहे. पत्त्यात 'जे. एस. एस. रोड' लिहिलेलं असतं ते हेच.

तुतारी एक्सप्रेसने येणारे दादरला उतरतात आणि इथे थोडी पायपीट आहे. दादरचं मेट्रो स्थानक पश्चिमेला गोखले रस्त्याच्या बाजूला आहे, रेल्वे फलाटाला लागून नाही. हातात बोचकी असतील तर पुलावरून पश्चिमेला येऊन, फुलबाजाराच्या गर्दीतून वाट काढत तिथवर जाणं जिवावर येतं. माझं मत विचाराल तर सामान जास्त असताना दादरहून मेट्रोच्या नादी लागू नये. सकाळची वेळ असेल तर पश्चिम रेल्वेची चर्चगेट लोकल धरून चर्नी रोडला उतरावं. तीही गिरगावच्याच दारात सोडते.

आणि अलिबागकर? मांडव्याहून बोटीने गेटवेला उतरलात तर हुतात्मा चौकापर्यंत चालत या. तिथून गिरगाव तिसरं स्थानक.

तिकीट

खिडकीवर कागदी तिकीट मिळतं. त्यावर चौकोनी ठिपक्यांचा क्यूआर कोड छापलेला असतो. तो दरवाजाच्या काचेवर धरला की फळ्या उघडतात. भाडं कमीत कमी १० रुपये, जास्तीत जास्त ७०. यंत्रावरही तिकीट निघतं. मोबाइलवर काढायचं असेल तर मेट्रोचं ॲप आहे आणि शिवाय 'मुंबई वन' नावाचं, बस-लोकल-मेट्रो एकत्र आणणारं ॲपही आहे. मात्र ही कामं वर, उजेडात उभे असतानाच उरकून घ्या. खाली मोबाइलच्या रेंजच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. पैसे गेले आणि तिकीट आलं नाही, अशी स्थिती झाली की मागची रांग फार प्रेमाने बघत नाही.

तिकीट बाहेर पडतानाही दाखवावं लागतं. आत आल्यावर ते चुरगळून चहाच्या कपात टाकण्याची सवय इथे सोडा. कागद घडी घालून वरच्या खिशात ठेवा, घडी मात्र कोडवरून पडू देऊ नका.

बरोबर चार-पाच माणसं असतील तर प्रत्येकाचं तिकीट प्रत्येकाच्या हातात द्या. सगळी तिकिटं घरच्या कर्त्या पुरुषाच्या खिशात आणि तो पुढे निघून गेलेला, बाकीची मंडळी दाराअलीकडे अडकलेली, हे दृश्य मे महिन्यात हमखास दिसतं.

सामान: इथे खरी कसोटी

कोकणातला माणूस रिकाम्या हाताने मुंबईला येत नाही. तांदळाची गोण, आमसुलं, कुळथाचं पीठ, दोन-चार नारळ, मे महिना असेल तर आंब्याची पेटी. मेट्रोत शिरताना हे सगळं एका पट्ट्यावर ठेवावं लागतं. पट्टा ते यंत्रातून पलीकडे नेतो आणि पडद्यावर आतलं दिसतं. एकदा माझ्या पुढे एक मालवणी मावशी उभी होती. पेटी पट्ट्यावर ठेवायला ती तयारच होईना.

"रे झिला, ह्या मशिनीत घातल्यार आंबे खराब नाय ना होवचे?"

"नाय गो मावशे, कायेक होवचा नाय. घाल तू."

पेटी पलीकडून बाहेर येईपर्यंत तिची नजर काही त्या काळ्या रबरी पट्ट्यांवरून हलली नाही. बाहेर आल्यावर तिने वरचा एक आंबा काढून हुंगला आणि मगच पेटी उचलली. तेव्हा तुम्हालाही शंका असेल तर असू द्या: आंबे सुखरूप राहतात.

अडतं ते दुसऱ्या गोष्टींवर. कोयती, विळी, आदोळी यांना धार असते आणि ती पडद्यावर स्पष्ट दिसते. मुलीला संसारासाठी गावची आदोळी द्यायची असेल तर ती टॅक्सीने न्या. रॉकेल, गॅसची लहान शेगडी, फटाके, हुर्राकाची (काजूच्या दारूची) बाटली, यातलं काहीही घेऊन जाऊ नका. सुकी मासळी घट्ट डब्यात असली तर वासाने कुणाला कळणार नाही. मात्र बर्फातले ओले बांगडे पिशवीत घेऊन थंडगार बंद डब्यात बसू नये, एवढं आपलं आपल्याला समजायला हवं. पाणी ठिबकतं आणि शेजारचा उठून जातो.

गोण उचलून सरकत्या जिन्यावर चढवणं हे धोक्याचं काम आहे. स्थानकात लिफ्ट असते आणि ती याचसाठी असते. नऊवारीतल्या किंवा काठी टेकत चालणाऱ्या माणसांनीही लिफ्टनेच जावं. सरकत्या जिन्याच्या दात्यांत लुगड्याचा काठ किंवा स्लिपरचा पट्टा अडकायला क्षण लागत नाही. लिफ्ट प्रत्येक प्रवेशद्वाराला असेलच असं धरून चालू नका. वरच पाटी बघा, नाहीतर दारावरच्या सुरक्षारक्षकाला विचारा. ते सांगतात.

फलाट

खाली दोन मजले समजा. पहिल्यावर तिकीट आणि दरवाजे, त्याखाली फलाट. फलाटाच्या कडेला वरपर्यंत काचेची भिंत आहे. गाडी आली की काचेतली दारं आणि गाडीची दारं एकदमच उघडतात. रुळांवर वाकून गाडी आली का बघायची सोयच नाही. लोकलसारखं धावत पकडायचीही नाही, आणि गरजही नाही, कारण पाठोपाठ दुसरी येते.

दिशा मात्र नीट बघा. सीएसएमटीहून गिरगावला जाताना फलाटावर 'आरे जेव्हीएलआर' लिहिलेलं हवं. मुंबई सेंट्रल किंवा दादरकडून येताना 'कफ परेड'. गाडीत घोषणा मराठीतही होते. गिरगाव आलं की दारापाशी सरकून ठेवा.

बाहेर पडणं

चढायला कुणीही चढतं. नवखा माणूस फसतो तो बाहेर पडताना. आपल्याकडे पश्चिम कुठे हे कुणी विचारत नाही, समुद्र तिथे असतो आणि डोंगर पाठीला. भुयारात हे दोन्ही गायब होतात. दोनदा वळलं, एकदा जिना चढलं की तुम्ही कुठल्या दिशेला तोंड करून उभे आहात ते देवालाच ठाऊक. मोबाइलचा नकाशाही खाली कामाचा नाही. त्यातला निळा ठिपका वर आल्यावरही काही क्षण बावचळलेला असतो आणि तुम्हाला भलत्याच गल्लीत उभं केलेलं दाखवतो.

म्हणून असं करा. तिकिटाच्या दरवाजातून बाहेर पडलात की लगेच जिना चढू नका. भिंतीवर परिसराचा नकाशा असतो आणि बाहेर पडण्याच्या वाटांना 'ए१', 'बी२' अशी अक्षरं-आकडे दिलेले असतात. त्याशेजारी त्या वाटेने वर कुठला रस्ता, कुठली ठळक जागा लागते ते लिहिलेलं असतं. तुम्हाला जायचंय ती जागा रस्त्याच्या कुठल्या बाजूला आहे ते तिथेच ठरवा आणि मग त्या वाटेने वर जा. चुकीच्या तोंडाने बाहेर आलात तर काही बिघडत नाही, पण मग जगन्नाथ शंकरशेठ रस्ता ओलांडावा लागतो. बस, टॅक्सी, हातगाडी आणि उलट्या दिशेने आलेला डिलिव्हरीवाला या सगळ्यांना एकाच वेळी चुकवत.

वर आलात की पहिलं काम म्हणजे समुद्र शोधा. दिसणार नाही, चाळी मध्ये आहेत. पण कुठल्याही माणसाला "चर्नी रोड स्टेशन कुठे?" विचारा. तो हात करेल ती पश्चिम. रेल्वेच्या रुळांपलीकडे चौपाटी. पाठीमागे भुलेश्वर, सी. पी. टँक. समुद्र डाव्या हाताला ठेवून चाललात तर गिरगाव चर्च, मग प्रार्थना समाज, मग ऑपेरा हाउसकडे जाल. उजव्या हाताला ठेवून चाललात तर ठाकूरद्वार, चिराबाजार आणि पुढे धोबी तलाव. एवढं डोक्यात बसलं की गिरगावात हरवणं कठीण.

आणखी एक. हे स्थानक बांधताना वरचा रस्ता अरुंद आणि दोन्ही बाजूंना जुन्या इमारती, म्हणून काळबादेवी आणि गिरगाव ही दोन स्थानकं रस्ता सगळा उघडा न खणता आतून खडक पोखरून काढली. तरीही काही इमारती पाडाव्याच लागल्या आणि तिथल्या रहिवाशांना त्याच भागात नव्या इमारतींत घरं द्यायचं ठरलं. तेव्हा दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा पत्ता घेऊन निघाला असाल तर आधी फोन करून विचारा. तुम्ही ज्या कोपऱ्यावरच्या दुकानाची खूण धरून येणार आहात तो कोपराच कदाचित जागेवर नसेल.

पत्ता विचारायची रीत

गिरगावात घर नंबरावरून सापडत नाही, वाडीवरून सापडतं. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी, गायवाडी, झावबावाडी, मुगभाट, भाटवाडी. वाडीचं नाव, मग चाळीचं, मग मजला, मग खोली. आणि माणसाचं नाव नुसतं आडनावाने न सांगता गावासकट सांगा. "कुठले परब? आजगावचे की आचऱ्याचे?" असा उलटा प्रश्न येतोच. इथल्या कित्येक चाळींत खोल्याच गावाच्या नावाने ओळखल्या जात. गावाहून आलेली पोरं एका खोलीत दहा-बारा राहायची, खानावळीत जेवायची आणि महिन्याला मनीऑर्डर करायची. अजूनही जिन्याखाली किंवा गल्लीच्या तोंडाशी 'अमुक ग्रामस्थ मंडळ, मुंबई' अशी पाटी आणि शेजारी काळा फळा दिसतो. त्यावर खडूने सभेची तारीख, नाहीतर कुणाच्या दशक्रियेची वेळ.

विचारायचं कुणाला? भरभर चालणाऱ्या तरुणाला नको, तो तुम्हाला नकाशा काढून दाखवेल. गल्लीच्या तोंडाशी बनियनवर पेपर वाचत बसलेले एखादे काका गाठा.

"काका, केशवजी नाईकांच्या चाळी कुठे हो?"

"गणपतीला आलात काय? मग अजून वेळ आहे. सरळ जा, खाडिलकर रोड लागेल. तिथे कुणालाही विचारा."

काका हे असं टोचून बोलणारच, ते मनावर घेऊ नका. उभ्या उभ्या ते तुम्हाला पुढच्या तीन वळणांचा इतिहासही ऐकवतील.

पायी फिरायचं तर

सकाळ किंवा दुपारनंतरची वेळ धरा. मुंबईची मे महिन्यातली दुपार आपल्याकडच्यापेक्षा वाईट, कारण वारा चाळींत अडतो.

पहिल्यांदा खोताची वाडी. गिरगावचं सेंट तेरेझा चर्च ही खूण. त्याच्या समोरच्या बाजूने आत शिरायचं. शिरताच आवाज अर्धा होतो. वाट इतकी चिंचोळी की समोरून सायकल आली तर भिंतीला पाठ लावावी लागते. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांच्या नावाने ही वाडी. त्यांनी इथल्या जमिनी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसईकडच्या मूळच्या, ख्रिस्ती कुटुंबांना दिल्या आणि त्यांनी ही दुमजली लाकडी घरं बांधली. एखाद्या घरासमोर थोडा वेळ थांबून बघा. वरच्या मजल्यावर जायचा जिना घराच्या बाहेरून चढतो, लाकडी, पायऱ्या मधोमध झिजून वाटीसारख्या झालेल्या. वर पुढे आलेला सज्जा, त्याच्या कठड्याच्या पट्ट्यांवर नक्षी, पत्र्याखालच्या कडेला लाकडाचीच कापलेली झालर. खाली ओट्यावर तुळस नसेल तर क्रूस, कुठे कुठे दोन्ही शेजारी शेजारी. वसई-रेवदंड्याकडची ख्रिस्ती घरं पाहिलेल्याला ओळख पटेल.

पूर्वी इथे जेवढी अशी घरं होती त्यातली निम्मीही आता उरलेली नाहीत. उरलीत त्यांत माणसं राहतात. तेव्हा सज्ज्याखाली उभं राहून दारातून आत मोबाइल घालून फोटो काढू नका. मुंबईची पोरं सर्रास काढतात, म्हणून आपणही काढावे असं नाही.

तिथून खाडिलकर रस्ता. इथल्या केशवजी नाईक चाळींत १८९३ सालापासून सार्वजनिक गणपती बसतो, मुंबईतला सर्वांत जुना. मूर्ती लहान असते, मंडपाचा थाट नाही. ज्यांना वीस-पंचवीस फुटांच्या मूर्ती बघायच्या सवयीने हे साधं वाटेल त्यांनी निकदवरी लेनचा गिरगावचा राजा बघावा. तो मोठा, आणि शाडूचा. मात्र भाद्रपदात कोकणी माणूस मुंबईत कशाला असेल हा प्रश्नच आहे. तेव्हा चाळी एरवीच्या दिवसांत बघा. लांबलचक सामाईक गॅलरी, कठड्यावर वाळत घातलेले कपडे, दारादारांत चपलांचे ढीग.

याच भागात लग्नपत्रिकांची दुकानं ओळीने आहेत. घरात कार्य ठरलेलं असेल तर रत्नागिरीत छापण्याआधी इथे एकदा नमुने बघून जा. भाव करावा लागतो. पहिल्या दुकानात कधीच ऑर्डर देऊ नये.

खाण्याचं म्हणाल तर ठाकूरद्वारला फणसवाडीच्या कोपऱ्यावर 'विनय हेल्थ होम'. नाव डॉक्टरच्या दवाखान्यासारखं आहे, मिळते मिसळ. सकाळी गर्दी असते, टेबलावर अनोळखी माणसाशेजारी बसावं लागतं आणि ते इथे वावगं समजत नाहीत. पणशीकरांकडे पियूष घ्या. मासळीचं जेवण शोधत असाल तर शोधू नका. तुम्ही घरून निघालात तिथे ते जास्त चांगलं मिळतं.

संध्याकाळ असेल तर केळेवाडीतल्या साहित्य संघाच्या नाट्यगृहाची पाटी बघत जा. एखादा प्रयोग लागलेला असला तर भाग्य. नसला तर सरळ चर्नी रोड स्टेशनच्या पुलावरून पलीकडे चौपाटीवर. लोकमान्यांचा पुतळा आहे तिथे १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचा अंत्यविधी झाला. रत्नागिरीच्या माणसाने तिथे क्षणभर थांबावं. बाकी समुद्र म्हणाल तर गुहागर-वेळणेश्वर पाहिलेल्या माणसाला हा फारसा समुद्र वाटणार नाही. पाण्यात उतरू नका, भेळ खा, दिवे लागलेली मरीन ड्राइव्हची कमान बघा.

कामासाठी आला असाल तर

सगळेच काही फिरायला येत नाहीत. मंत्रालयात खेटे घालायचे असतील तर विधान भवन स्थानक. उच्च न्यायालयाची तारीख असेल तर हुतात्मा चौक. नायर रुग्णालयाला मुंबई सेंट्रल. दागिने, कापड, लग्नाचा बस्ता यासाठी काळबादेवीला उतरून भुलेश्वर, मंगळदास मार्केट, झवेरी बाजार पायी करता येतं. परतताना पिशव्या जड होतील हे धरून चाला. परळच्या टाटा आणि केईएमला मात्र ही मेट्रो सोयीची नाही. तिथे मध्य रेल्वेची लोकल धरून परळला उतरलेलं बरं. सिद्धिविनायकाला याच मार्गावर त्याच नावाचं स्थानक आहे. मंगळवारी जाऊ नका, किंवा जायचंच असेल तर पहाटे.

महालक्ष्मी स्थानकाबद्दल एक सांगून ठेवतो. नाव तेच असलं तरी देऊळ स्थानकाच्या दारात नाही. ते दूर समुद्राकडे आहे. तिथून टॅक्सी किंवा बस करावी लागते.

परतीचं

कोकणकन्या रात्री अकराच्या सुमारास सीएसएमटीहून सुटते. मेट्रोची शेवटची गाडी टोकावरून साडेदहाला निघते. हिशेबाने गिरगावहून सीएसएमटीकडे जाणारी गाडी त्यानंतरही मिळेल, पण त्या हिशेबावर आरक्षित बर्थ पणाला लावू नये. साडेनऊला आत्याचा निरोप घ्या. ती "अजून अर्धा तास बस" म्हणेलच. तिने बांधून दिलेल्या डब्यालाही त्या पट्ट्यावरून जावं लागणार, तेव्हा डबा पिशवीच्या तळाशी न ठेवता वर ठेवा. वाटेत उघडून दाखवायची वेळ आली तर रस्सा सांडत नाही.

अनंत चतुर्दशीला यातलं काहीही लागू नाही. त्या दिवशी गिरगावातले रस्ते विसर्जनासाठी बंद असतात आणि मेट्रोच्या वेळाही बदलतात. गर्दी इतकी की स्थानकाच्या दारापर्यंत पोचायला तास लागतो. परतीचं तिकीट दुसऱ्या दिवशीचं काढा.